पोटात ढोल असलेला मासा

पाण्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस पोरांना पहिली ताकीद देतो ती गप्प बसायची. आवाज केला की मासे पळतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अमेरिकेत टेक्सासच्या दक्षिण किनाऱ्यावर मात्र एक मासा असा आहे की त्याला धरायचं तर गप्प बसून भागत नाही. तिथला माणूस मांडीभर पाण्यावर तरंगणाऱ्या लहानशा होडीतून गळ फेकतो. गळापासून दोनेक फूट वर, दोरीतच, लिंबाएवढं एक बूच बसवलेलं असतं. बुचाचं वरचं तोंड वाटीसारखं खोलगट, आणि त्याच्या आरपार गेलेल्या तारेवर ओवलेले मणी. बूच पाण्यावर स्थिरावलं की तो काठीला एक हिसका देतो. वाटी पाण्यात अडते, 'ढुबुक्' असा आवाज होतो, मणी खुळखुळतात. मग काही क्षण काहीच नाही. पुन्हा हिसका, पुन्हा ढुबुक्.

आणि मासा येतो. त्या ढुबुक्-कडे येतो.

याचं कारण समजलं तेव्हा मला त्या बुचाचं फार कौतुक वाटलं. उथळ पाण्यात कोळंबी जीव घेऊन पृष्ठभागाकडे उडते आणि हा मासा तिला खालून तोंडात ओढून घेतो, तेव्हा पाण्याचा अगदी असाच आवाज होतो. स्वयंपाकघरात ताटं वाजली की घरभर पांगलेली माणसं गोळा होतात, तसे आसपासचे मासे 'कुणाचं तरी जेवण सुरू झालेलं दिसतंय' म्हणून धावत येतात. येऊन पाहतात तर बुचाखाली एक कोळंबी एकटीच लोंबकळत असते. पुढचं सांगायला नको.

म्हणजे गंमत अशी की या शिकारीत आमिष दोन. एक पोटासाठी, दुसरं कानासाठी. आणि ज्याच्या कानाला आमिष दाखवायचं तो मासा स्वतःच एक पट्टीचा वाजवणारा आहे.

तिकडचे लोक त्याला 'स्पेकल्ड ट्राउट' म्हणतात, लाडात आले की नुसतं 'स्पेक'. सरकारी कागदावर तो 'स्पॉटेड सीट्राउट', आणि शास्त्रज्ञांच्या वहीत 'सायनोसियॉन नेब्युलोसस'. हे नाव १८३०चं, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए याच्या काळातलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून फ्लोरिडाला वळसा घालून मेक्सिकोच्या आखातभर हा सापडतो. रुपेरी अंग, करडी-हिरवी पाठ, उजेडात धरला तर पाठीवर जांभळी झाक, आणि पाठीपासून शेपटीपर्यंत काळे गोल ठिपके, कुणीतरी शाईचं पेन झटकल्यासारखे. तोंड उघडलं तर आत हळदीसारखं पिवळं. वरच्या जबड्यात पुढेच दोन सुळे.

आता या नावातली फसवणूक. हा ट्राउट नाहीच. ट्राउट हे सामन माशाचं कूळ, थंड आणि वाहत्या पाण्यातलं. खराखुरा 'सी ट्राउट' युरोपात आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन गलेलठ्ठ होतो आणि अंडी घालायला नदीत परततो. त्याच्यासाठी डेन्मार्क-आयर्लंडकडचे लोक कुडकुडत उभे राहतात. इंग्रजी बोलणारे लोक अमेरिकेच्या गरम, खाऱ्या खाड्यांपाशी पोचले, त्यांनी ठिपके पाहिले, सडपातळ बांधा पाहिला आणि गावच्या आठवणीनं 'ट्राउट' म्हणून टाकलं. याबद्दल आपण त्यांना हसण्यात अर्थ नाही. याच भाषेनं आपल्या बोंबलाला 'बॉम्बे डक' म्हणजे बदक केलेलं आहे.

मग हा आहे तरी कोण? तर हा आपल्या ढोम्याचा भाऊबंद. ससून डॉकच्या किंवा भाऊच्या धक्क्याच्या लिलावात टोपल्याच्या टोपल्या भरून जाणारा ढोमा, त्याहून थोराड कोथ, आणि सगळ्यांत मोठा, सगळ्यांत महाग घोळ, हे सारे ज्या कुळातले, त्याच कुळात टेक्सासचा हा ठिपकेवाला बसतो. आपल्याकडच्या इंग्रजीत या कुळाला 'क्रोकर' म्हणजे डराव डराव करणारे म्हणतात. अमेरिकेत याच कुळाचं नाव आहे 'ड्रम'. ढोमा आणि ढोल या शब्दांचं एकमेकांशी काही नातं आहे असा माझा मुळीच दावा नाही. पण ते नातं नसलं तर भाषेनं एक चांगली संधी घालवली, एवढं नक्की.

कारण ढोल खरोखरच आहे. कुठे आहे ते मात्र कोळीवाड्यातली कुठलीही बाई तुम्हाला चटकन दाखवेल. घोळ कापल्यावर पोटाच्या पोकळीत, कण्याला चिकटून, एक पांढरी चिवट पिशवी निघते. तिला बोत म्हणतात, कुणी भोत म्हणतं. माशाच्या इतर अवयवांना किलोचा भाव, याला मात्र सराफाच्या दुकानासारखी वागणूक. २०२१च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच खेपेत १५७ घोळ मासे सापडले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेल्याची बातमी देशभर गाजली. तो पैसा मुख्यतः या पिशव्यांचा. पूर्व आशियात त्यांचं सूप करतात, औषधी म्हणून खातात. एके काळी युरोपात बिअर आणि वाइन नितळ करायलाही माशांच्या अशाच पिशव्या वापरत.

या पिशवीचं माशाच्या पोटातलं मूळ काम साधं. ती हवेनं भरलेली असते, आणि तिच्यामुळे मासा न बुडता, न तरंगता पाण्यात हवा तिथे थांबू शकतो. हे बऱ्याच माशांत असतं. या कुळानं त्या पिशवीला दोन्ही अंगांनी तांबडे स्नायू लावून घेतले. स्नायू आखडला की फुगलेल्या पिशवीवर एक थाप पडते. एक आखडणं, एक थाप. अशा थापा इतक्या भरभर पडतात की आपल्या कानाला त्यांची एक सलग गुरगुर ऐकू येते. तबल्यावर बोटं दिसेनाशी होतात ना, तसं. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांमध्ये सर्वांत वेगानं आखडणारे जे स्नायू माहीत आहेत, त्यांत माशांच्या या वाजवणाऱ्या स्नायूंची गणना होते. चित्ता राहिला बाजूला.

ठिपकेवाल्याच्या जातीत हे वाद्य फक्त नराला मिळालेलं आहे. मादीला पिशवी असते, स्नायू नसतात. शिवाय नराचाही ढोल बारमाही नाही. याचा अगदी जवळचा भाऊ वीकफिश, त्याचे हे स्नायू विणीच्या दिवसांत फुगून जवळपास तिप्पट होतात आणि हंगाम सरला की वाळतात. गणपती जवळ आले की पथकं ढोल ताणायला काढतात आणि विसर्जनानंतर माळ्यावर टाकतात, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे वाद्य आणि वादक यांना वेगळं काढता येत नाही.

हे सगळं पाहायचं, खरं तर ऐकायचं, तर जागा लगूना माद्रे. नकाशात टेक्सासचा किनारा दक्षिणेकडे मेक्सिकोला जिथे भिडतो तिथे समुद्राला समांतर एक लांबच लांब वाळूची पट्टी दिसते. ते पाद्रे बेट. जवळपास १८० किलोमीटर लांब, आणि रुंदी मात्र नावापुरती. एका स्पॅनिश धर्मगुरूवरून हे नाव पडलं. आपल्या 'पाद्री'चं आणि त्या 'पाद्रे'चं मूळ एकच. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये कोंडलेलं पाणी म्हणजे लगूना माद्रे. माद्रे म्हणजे आई. बापाच्या आडोशाला आई पहुडलेली, असा हा दोनेकशे किलोमीटरचा संसार, आणि त्याची सरासरी खोली जेमतेम मीटरभर. नदीचं गोडं पाणी येतं फार थोडं, ऊन रणरणतं, समुद्राशी जोडणारी तोंडं मोजकी. त्यामुळे आतलं पाणी समुद्राहूनही खारट होतं. जगात अशी सरोवरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

आपल्या किनाऱ्यावरून तिथे गेलेल्या माणसाला सगळ्यांत चमत्कारिक वाटेल ती भरती. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. कोळ्याचं सारं वेळापत्रक त्या उधाण-भांगाला बांधलेलं. मेक्सिकोच्या आखातात बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदाच भरती, तीही हात-दीड हाताची, आणि लगूनाच्या आत पोचेपर्यंत तिची वीतही उरत नाही. तिथे पाणी हलवतो तो वारा. आग्नेयेचा वारा दोन दिवस लागला की पाणी एका काठाला जाऊन बसतं, उत्तरेचं थंड वारं आलं की दुसऱ्या. चंद्रापेक्षा वाऱ्याचं ऐकणारा समुद्र! म्हणून तिथला होडीवाला आदल्या रात्री पंचांग बघत नाही, हवामान बघतो.

होडी पाच-सहा मीटरची, बुडाला जवळजवळ सपाट, आणि वीत-दीड वीत पाण्यात तरंगेल इतकी हलकी. तिच्या मागच्या भागात बुडाखाली एक पन्हळ कोरलेली असते; इंजिनाचा पंखा त्या पन्हळीत वर बसतो, म्हणजे गुडघाभर पाण्यातूनही पळता येतं. मात्र पळायचं ते जागेवर पोचेपर्यंतच. तिथे इंजिन बंद. मग वारा नेईल तिकडे होडी वाहू द्यायची, फार वेगानं जायला लागली तर मागे कापडी पिशवीसारखा एक नांगर पाण्यात सोडून तिला लगाम घालायचा. काही होड्यांवर इंजिनाच्या डोक्यावर एक माचा असतो. त्यावर उभं राहून एक जण लांब काठीनं तळाला रेटा देत होडी ढकलतो. खाजणातून होडी रेटणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही.

आणि इथे ती पहिली ताकीद परत येते. होडीत बसल्यावर कप्तान सांगतो की पेटीचं झाकण आपटू नका, पाय वाजवू नका, खाली काही टाकू नका. मगाचच्या ढुबुक्-चं काय मग? तर मासा बहिरा नाही हे कबूल करूनच दोन्ही नियम केलेले आहेत. जेवणाचा आवाज चालतो, माणसाचा चालत नाही. पाणी आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं नेतं, आणि त्या उथळ कढईत होडीच्या लाकडावर किंवा फायबरवर पडलेली चप्पलसुद्धा लांबवर ऐकू जाते. पट्टीचे लोक तर होडीही सोडतात आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून चालतात. चालताना पाऊल उचलायचं नाही, तळावरून घासत न्यायचं, कारण वाळूत पाकटं पुरून बसलेली असतात. घासलेल्या पावलाची चाहूल लागली की पाकट निघून जातं. पाऊल वरून पडलं तर त्याचा काटा लागतो, आणि मग पुढचा दिवस कसा जातो ते कुठल्याही कोळ्याला विचारा.

पाण्याखाली गवत आहे. शेवाळ नव्हे, खरोखर मुळं धरणारं, फुलणारं गवत, पाण्यात राहायला गेलेलं. त्याच्या पात्यांत कोळंबी, पात्यांत पिल्लं, आणि गवत जिथे संपून वाळूचा उघडा चट्टा सुरू होतो त्या कडेला ठिपकेवाला दबा धरून. होडीचा पंखा या गवतातून फिरला तर मुळांसकट चर पडतो, आणि काही जातींच्या गवताला तो चर भरून काढायला कित्येक वर्षं लागतात. २०१३पासून टेक्सासच्या किनाऱ्यावर पंख्यानं हे गवत उपटणं कायद्यानं गुन्हा आहे.

पण एवढ्या मोठ्या पाण्यात मासा नेमका कुठे, हे कळतं कसं? इथे या लोकांच्या युक्त्या ऐकताना मला हेवा वाटतो. एक युक्ती पक्ष्यांची. पावसाळा संपल्यावर आपल्याकडे येणारे कुरव पक्षी तिकडेही आहेत, त्यांचे भाऊबंद म्हणू. शरदात कोळंबी खाडीतून समुद्राकडे निघते, खालून मासे तिला वर रेटतात, आणि वर कुरवांचा घोळका कलकलाट करत पाण्यावर कोसळतो. त्यांच्याखाली गळ टाकावा. मात्र सुरय पक्षी सूर मारताना दिसले तर लगेच होडी वळवू नये; ते कसल्याही चिंगळ्या-मिंगळ्या माशासाठी सूर मारतात. टेक्सासच्या होडीवाल्यांनी सुरयांचं नावच 'थापाडे पक्षी' ठेवलं आहे.

दुसरी युक्ती नाकाची, आणि ती ऐकून आधी कुणाचाही विश्वास बसत नाही. वाऱ्यानं सगळं पाणी बारीक बारीक शहारलेलं असताना मध्येच एक परातीएवढा गुळगुळीत गोल दिसतो, तव्यावर तेलाचा थेंब पसरावा तसा. तो खरोखर तेलाचाच असतो. खाली ठिपकेवाले चरबीदार मासे ओरबाडून खात असतात, खाल्लेलं ओकतही असतात, आणि त्या माशांचं तेल वर येऊन पसरतं. या तेलाला वास येतो कलिंगडाचा. ताज्या कापलेल्या कलिंगडाचा! वाऱ्याच्या अंगाला होडी उभी करून माणसं नाक वर करून हुंगत असतात आणि एक जण ओरडतो, "कलिंगड!" गोल परातीएवढा असेल तर मासा अजून त्याखाली आहे, पसरून अंगणाएवढा झाला असेल तर जेवण उरकून पाहुणे निघून गेले.

मासा लागला की तो पृष्ठभागावर येतो आणि डोकं गदागदा हलवतो. या क्षणी घाई केली तर हातात नुसता गळ येतो, कारण त्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ. याच्या त्या जवळच्या भावाचं नाव 'वीकफिश', म्हणजे दुबळा मासा, पडलं ते याच फाटक्या तोंडामुळे. अंगात दुबळेपणा काही नाही. दोर सैल न सोडता, पण खेचाखेचही न करता त्याला दमवायचा, आणि होडीशी आला की जाळीच्या झोळीत घ्यायचा. आजवर गळावर सापडलेला सर्वांत मोठा ठिपकेवाला १७ पौंड ७ औंसांचा, म्हणजे आठ किलोंना थोडासा कमी. तो मे १९९५मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सजवळ लागला. अशी धेंडं कोळंबीच्या नादी फारशी लागत नाहीत. ती बोय गिळतात, आपल्या खाडीतल्या बोयची चुलत भावंडं, आणि एक बोय पोटात गेली की दिवसभर ढेकर देत बसतात.

टेक्सासात उन्हाळ्यात आमिष म्हणून जिवंत क्रोकर लावतात. म्हणजे याच कुळातला एक छोटा भाऊबंद. गळाला लावलेला तो क्रोकर पाण्याखाली तक्रारीच्या सुरात गुरगुरतो आणि तो आवाज ऐकून ठिपकेवाला त्याच्यावर तुटून पडतो. धक्क्यावरचे लोक सांगतात की क्रोकर याची अंडी खातो म्हणून याचा त्याच्यावर राग आहे. ठिपकेवाल्याची अंडी पाण्यावर तरंगतात आणि क्रोकर तळाशी तोंड खुपसून चरतो, तेव्हा भावकीच्या या वैराची गोष्ट मला जरा रचलेली वाटते. मासा लहान आहे, घासात मावतो आणि स्वतःहून ओरडून आपला पत्ता सांगतो, एवढं कारण पुरे आहे.

खरी मैफल मात्र सूर्य मावळताना. वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत, संध्याकाळ झाली की नर एका जागी जमतात आणि ढोल सुरू होतात. गुरगुर, मध्येच तुटक ठोके, मग लांबलेली घरघर. आवाजाचा जोर साधारण २५० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात. पेटीवर पांढरी एकचा सा धरा आणि वरच्या सापर्यंत जा, त्या सप्तकात. अंगणातल्या बेडकांच्या कोरससारखं ते वाटतं; ऐकणारी मादी गप्प असते, पसंती करत असते. मग अंधारात अंडी पाण्यात सुटतात, आणि दिवसभरात त्यातून डोळ्यांनी धड न दिसणारी पिल्लं बाहेर येतात. एका मोसमात मादी हे काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा करते.

हा आवाज ऐकणारे आणखीही आहेत. फ्लोरिडाच्या सारासोटा उपसागरातल्या डॉल्फिनांच्या अभ्यासात दिसलं की ते नुसता स्वतःचा आवाज सोडून त्याचा पडसाद शोधत नाहीत; गुपचूप कान देऊन वाजणारे मासेही हेरतात. वरात काढायची तर दरोडेखोरालाही पत्ता कळतो. म्हणून याच कुळातला एक छोटा मासा डॉल्फिनची शीळ ऐकली की वाजवणं थांबवतो. आणि माणसं? फ्लोरिडातल्या केप कोरल नावाच्या कालव्यांच्या शहरात काही वर्षांपूर्वी लोकांनी नगरपालिकेकडे तक्रार केली की रात्री घरात भिंतीतून ढुम ढुम असा आवाज येतो, झोप लागत नाही, तुमच्या पाण्याच्या नळांत काहीतरी बिघाड आहे. नळ तपासायची चर्चा सुरू झाली. शेवटी एका संशोधकानं पाण्यात ध्वनिग्राहक सोडून दाखवलं की घरामागच्या कालव्यात काळे ड्रम मासे लग्नं लावत आहेत. त्यांचा खर्ज इतका खोल की पाण्यातून जमिनीत आणि जमिनीतून पलंगापर्यंत पोचत होता. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकी नौदलानं चेसापीक उपसागरात शत्रूच्या पाणबुड्या ऐकायला कान लावले आणि त्यांना ऐकू आले क्रोकर. मरी पोलंड फिश या शास्त्रज्ञ बाईंनी पुढे माशांचे आवाज नोंदवण्यात आयुष्य घातलं. आडनाव खरंच फिश होतं.

या सगळ्यांचा उस्ताद मेक्सिकोच्या पश्चिमेला आहे. कॅलिफोर्नियाच्या आखातात, कोलोरॅडो नदीच्या मुखाशी, याच ठिपकेवाल्याच्या जातगटातला 'गल्फ कॉर्व्हिना' वसंतातल्या भरत्यांना लाखोंनी जमतो. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार त्यांचा एकत्रित गजर आजवर नोंदवलेल्या प्राण्यांच्या सर्वांत मोठ्या आवाजांपैकी आहे, इतका की जवळ आलेल्या समुद्रसिंहांचे कान त्यानं बधिर होऊ शकतील. तिथले कोळी होडीतूनच तो ऐकतात आणि तिथेच जाळं टाकतात.

इथे मात्र कौतुकाचा घास जरा घशात अडकतो. ज्याचा आवाज त्याला सापडवतो, त्याला सापडवणारे थांबत नाहीत. चीनच्या किनाऱ्यावर १९५०च्या दशकात याच कुळातला मोठा पिवळा क्रोकर पकडायची एक पद्धत पसरली. पुष्कळशा होड्यांनी रिंगण करायचं आणि लाकडं बडवत बडवत ते आवळत न्यायचं. ऐकण्यासाठी घडलेल्या माशाला तो गदारोळ सोसत नाही. लहानमोठे सगळे गुंगून वर येत. पुढे बंदी आली, तोवर साठे पार खालावले होते. कॅलिफोर्नियाच्या आखातातच तोतोआबा नावाचा दोन मीटरपर्यंत वाढणारा थोरला भाऊ आहे. त्याच्या बोतासाठी चोरटी जाळी लागतात आणि त्या जाळ्यांत वाकिता नावाची जगातली सर्वांत छोटी समुद्री शिंशुक गुदमरते. त्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. गुजरातनं २०२३मध्ये घोळ हा आपला राज्यमासा ठरवला, तेव्हा मला पहिल्यांदा त्याच्या बोताचीच काळजी वाटली.

टेक्सासनं १९८१मध्येच खाडीतल्या या ठिपकेवाल्याची विक्री बंद केली. खायचा तर गळ टाका. गळालाही मोजमाप आहे. दिवसाला पाच माशांची मुभा होती ती २०२४मध्ये तीनवर आली, आणि तेही १५ ते २० इंचांमधले. त्याआधी फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासवर कडाक्याची थंडी कोसळली. मीटरभर खोलीच्या पाण्याला ऊब धरून ठेवायला जागाच नसते. सरकारी अंदाजानं किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेले, ६१ जातींचे. ठिपकेवाल्यांना लगूना माद्रेतच सर्वांत मोठा फटका बसला.

त्या वर्षाची नोंद जगलेल्या माशांच्या डोक्यात आहे. ढोम्याचं डोकं चोखताना दाताखाली पांढरा खडा लागतो ना, तोच. तो कानातला दगड, तोल सांभाळायचा आणि ऐकायचाही. या कुळात तो इतका ठसठशीत की आपल्याकडच्या ढोम्याच्या एका जातगटाचं शास्त्रीय नावच 'ओटोलिथीस', म्हणजे कानाचा दगड. हा खडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची कडी दिसतात. ती मोजून संशोधक माशाचं वय सांगतात. आपण मात्र तो ताटाच्या कडेला काढून ठेवतो.

संध्याकाळ. इंजिन बंद. शेवटचा मासा झोळीत आला, ठिपके शेपटीवर उतरलेले, पोट जड. फुटपट्टीवर ठेवला तर २३ इंच. एवढी मोठी असली की जवळजवळ नेहमी मादीच निघते, आणि ती परत सोडायची. कप्तान तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरतो, कल्ले हलेपर्यंत वाट पाहतो, आणि शेपटीचा एक फटका त्याच्या तोंडावर पाणी उडवून जातो. मग कुणीच बोलत नाही. होडीच्या तळाला कान लावला तर फायबरमधून येतं, आधी एक, मग दोन, मग मोजता येणार नाहीत इतके: टर्र, टर्र, ढुम, टर्र. ती गेली त्याच बाजूनं.